ओरेगन ट्रेलचं संग्रहालय बघायला जाण्याआधी: ६४० एकरांची पार्श्वभूमी

ओरेगन ट्रेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात वसाहतकरी ज्या वाटेने मिसुरीहून पश्चिमेला ओरेगनात आले, ती वाट. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनकडच्या मराठी घरांत हा ट्रेल बहुधा मुलांच्या शाळेतून येतो. मग उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही घेऊन ओरेगन सिटीच्या संग्रहालयाची फेरी होते. प्रवाशांच्या बैलगाडीत काय भरायचं आणि काय मागे ठेवायचं, हा तिथला खेळ मुलांना फार आवडतो. माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस, १० पौंड कॉफी, असा त्या काळच्या प्रवास-मार्गदर्शिकेतला हिशेब. गाडी एवढ्यानेच भरून जाई, त्यामुळे माणसं बहुतेक पायीच चालत. वाटेत जे मेले त्यांतले पुष्कळ कॉलऱ्याने मेले. मिसुरीपासूनच्या या सुमारे ३,२०० किलोमीटरच्या वाटेची माहिती संग्रहालयात नीट मांडलेली असते. वाट संपल्यावर काय मिळणार होतं, ते मात्र घरूनच समजून घेऊन जावं. एवढी माणसं घरदार विकून निघाली ती जमिनीसाठी.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १८१८ पासून ओरेगनचा मुलूख अमेरिका आणि ब्रिटन यांच्या सामाईक ताब्यात होता. १८३० नंतरच्या काही वर्षांत हिवतापाच्या साथींनी, ट्रेल जिथे संपतो त्या विलामेट खोऱ्यातले मूळ रहिवासी प्रचंड संख्येने मेले, गावंच्या गावं ओस पडली. नंतर आलेल्यांना खोरं ‘मोकळं’ दिसलं, त्याचं मोठं कारण हे. १८४३ साली हजारेक माणसांचा पहिला मोठा जथा आला आणि १८४६ च्या तहाने ४९ व्या अक्षांशाच्या दक्षिणेचा भाग अमेरिकेकडे गेला.

खरा वादाचा निर्णय १८५० सालचा. २७ सप्टेंबरला झालेल्या जमीनदान कायद्याने, त्या वर्षाच्या १ डिसेंबरपूर्वी ओरेगनात राहायला आलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर जमीन फुकट मिळाली. तो विवाहित असेल तर ६४० एकर, म्हणजे पूर्ण एक चौरस मैल. अट एवढीच, की चार वर्षं तिथे राहून जमीन कसायची. मागाहून येणाऱ्यांना याच्या निम्मी. जोडप्याच्या जमिनीचा अर्धा वाटा बायकोच्या स्वतःच्या नावावर चढे. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण याच तरतुदीपायी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं उरकली गेली, कारण लग्न केलं की दाव्याची जमीन दुप्पट व्हायची. गोऱ्या बापाच्या आणि मूलनिवासी आईच्या मुलांना कायद्याने हक्क दिला, कृष्णवर्णीयांना मात्र सरळ वगळलं.

यातली सर्वांत गंभीर बाब तारखांमध्ये आहे. मूळ रहिवाशांशी तह करून जमीन घ्यायची, असं अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच जून १८५० मध्ये ठरवलं होतं. तीन महिन्यांनी, एकही तह झालेला नसताना, तीच जमीन वाटायला काढली. १८५१ साली विलामेट खोऱ्यातल्या मूळच्या कॅलापुया लोकांनी वाटाघाटींत डोंगरापलीकडे जायला ठाम नकार दिला. आपल्याच खोऱ्यात थोडी जागा राखून घेऊन त्यांनी तह केले. सिनेटने ते कधीच मंजूर केले नाहीत. पक्का तह झाला तो जानेवारी १८५५ मध्ये आणि त्याच वर्षाअखेर जमीनदानाची मुदत संपली. तोवर सुमारे २५ लाख एकरांवर दावे लागले होते. दुसऱ्याच्या नावचा सातबारा त्याला न विचारता फिरवावा, तसाच हा प्रकार होता. १८५६ मध्ये उरल्यासुरल्या कुटुंबांना ग्रँड रोंडच्या राखीव क्षेत्रात हलवलं गेलं. कायदा काळाला धरून होता, असा बचाव अजून ऐकू येतो. मला तो पटत नाही, कारण तहाची गरज त्याच काळातल्या, त्याच सरकारने लेखी मान्य केली होती.

वर्णबंदीचा इतिहासही याला जोडूनच येतो. १८४४ साली ओरेगनातल्या वसाहतकऱ्यांच्या हंगामी सरकारने गुलामगिरीला मनाई केली आणि त्याच कायद्यात स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी प्रदेश सोडावा, नाहीतर फटके खावेत, असंही लिहिलं. फटक्यांची शिक्षा अमलात येण्याआधीच कायदा रद्द झाला. पण त्याच वर्षी ट्रेलवरून आलेला एक सधन कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबासह कोलंबिया नदी ओलांडून उत्तरेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात गेला. १८५५ साली त्याच्या जमिनीसाठी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. १८५७ च्या मतदानात ओरेगनने गुलामगिरी मोठ्या बहुमताने नाकारली आणि कृष्णवर्णीयांना प्रवेशबंदी त्याहून मोठ्या बहुमताने स्वीकारली. राज्यघटनेतलं ते कलम १९२६ पर्यंत होतं.

तेव्हाच्या जमीन-मोजणीच्या खुणा रोज डोळ्यांसमोर असतात. १८५१ साली पोर्टलंडच्या पश्चिमेकडच्या टेकडीवर मोजणीचा मूळ बिंदू ठरला आणि तिथून पूर्व-पश्चिम आधाररेषा (बेसलाइन) आखली गेली. हिल्सबरोतला बेसलाइन रोड त्या रेषेवरून नाव घेऊन आला आहे. ऑफिसला जाताना त्यावरून गाडी नेणारे कितीतरी मराठी लोक आहेत.

संग्रहालयांची परंपरा पायोनियरांच्या, म्हणजे सुरुवातीला आलेल्या वसाहतकऱ्यांच्या, संघटनांतून आली. राज्यातली मोठी संघटना १८७३ ची. पुढे तिने सभासदत्वासाठी १४ फेब्रुवारी १८५९, म्हणजे राज्यस्थापनेच्या दिवसाची सीमा ठेवली. आधी आलेल्यांनी स्वतःची आठवण जपली, त्यामुळे साहजिकच गाडी, जातं, शिवणाचं सामान पुढे आलं आणि जमीन-दाव्यांची कागदपत्रं मागे राहिली. १९०६ साली पंचाहत्तरीतला एक माजी प्रवासी बैलगाडीने उलट्या दिशेला निघाला आणि वाटेत खुणेचे दगड बसवत गेला. १९७८ मध्ये ट्रेलला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. ओरेगन सिटीचं संग्रहालय पैशांअभावी २००९ मध्ये बंद पडलं, ते २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. यूजीनच्या विद्यापीठातला १९१९ चा पायोनियर पुतळा जून २०२० मध्ये आंदोलकांनी पाडला. त्यावर घरोघरी वाद झाले. त्याआधी, २०१७ च्या कायद्याने मूलनिवासी जमातींचा इतिहास शालेय अभ्यासक्रमात आणायचं ठरलं होतं, त्यामुळे आता मुलं याविषयी आपणहून प्रश्न विचारतात.

ओरेगन सिटीतच जून १८५० मध्ये केयूस या मूलनिवासी जमातीच्या पाच पुरुषांना फाशी दिलं गेलं. गोवराच्या साथीनंतर ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या मिशनवर झालेल्या हत्यांचा आरोप त्यांच्यावर होता. केयूस आणि त्यांच्या शेजारच्या दोन जमातींनी १९९८ साली पेंडल्टनजवळ स्वतःचं संग्रहालय उभारलं. हाच ट्रेल तिथे काठावर उभं राहून बघणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. पोर्टलंडहून गाडीने साडेतीन तास लागतात, तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील तर तिकडे मुक्कामाच्या तयारीनेच जावं.