ब्रॅडफर्ड डायर्स असोसिएशन

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड येथे २२ रंगकाम कंपन्यांच्या विलीनीकरणातून १८९८ मध्ये स्थापन झालेली कंपनी. शहरात ताग्यांच्या रंगकामाचा सुमारे ९० टक्के धंदा तिच्या हाती आला. नावात ‘असोसिएशन’ असले, तरी हा व्यापाऱ्यांचा संघ नव्हता. घटक कंपन्यांची मालकी एकत्र झाली होती.

ब्रॅडफर्डचा रंगारी कापडाचा मालक नसे. व्यापारी कोरे तागे आणून देई, रंगारी मजुरी घेऊन ते रंगवून परत करी. त्यामुळे व्यापारी एका रंगाऱ्याचा दर दुसऱ्याला दाखवून मजुरी पाडत. विलीनीकरणाचे खरे कारण हेच. अशी एकीकरणे तेव्हा कापडधंद्यात सर्रास होत होती. १८९९ मध्ये छपाईवाल्यांची कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन आणि १९०० मध्ये ब्लीचिंगवाल्यांची ब्लीचर्स असोसिएशन उभी राहिली. मराठी घरांत पोचलेल्या टेरिलीनचा शोध १९४१ मध्ये याच कॅलिको प्रिंटर्सच्या प्रयोगशाळेत लागला.

घटक कंपन्यांत एडवर्ड रिप्ली अँड सन ही सर्वांत नामांकित. तिचे रंगकाम बोलिंग भागात चाले. ब्रॅडफर्डच्या कापडात ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) मेंढीच्या लोकरीचा, अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचा किंवा मोहेरचा (अंगोरा शेळीच्या केसांचा) असे. सूत आणि लोकर एकच रंग सारखा घेत नाहीत. दोन्हींवर एकच छटा उतरवणे ही इथल्या रंगाऱ्यांची खरी कमाई होती, आणि कंपनीच्या इतिहासात भागभांडवलापेक्षा या कसबाला मोठे स्थान द्यायला हवे. हेन्री विल्यम रिप्ली यांनी १८६० च्या दशकात कामगारांसाठी ‘रिप्लीव्हिल’ ही वसाहतही बांधली.

मजुरीचे दर आवाक्यात आले, पण रंगद्रव्ये परक्यांच्या हाती होती. कृत्रिम रंगाचा पहिला शोध लंडनमध्ये, १८५६ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी लावला. उद्योग मात्र जर्मनीने वाढवला. १९१४ मध्ये युद्ध पेटताच जर्मन माल बंद झाला आणि ब्रिटिश रंगशाळांत टंचाई पसरली. सरकारच्या मदतीने १९१५ मध्ये ‘ब्रिटिश डाइज’ उभी राहिली. तिच्यातून पुढे ब्रिटिश डायस्टफ्स कॉर्पोरेशन झाली आणि १९२६ मध्ये ती आयसीआय (इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज) या रसायन कंपनीत सामावली.

१९६० च्या दशकात व्हायेला इंटरनॅशनल या ब्रिटिश कापड कंपनीने ब्रॅडफर्ड डायर्स विकत घेतली. पुढे व्हायेलाही १९७० मध्ये कॅरिंग्टन व्हायेलात विलीन झाली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये कंपनीने रंगकामाचा कारखाना चालवला होता. तिथल्या नायँटिक गावाचे नाव त्यावरून ब्रॅडफर्ड पडले आणि ते अजून तेच आहे.