तीव्र श्रवणदोष : श्रवणयंत्र की कॉक्लियर इम्प्लांट?

तीव्र किंवा अतितीव्र श्रवणदोष असलेल्या व्यक्तीला कानामागे लावायचे श्रवणयंत्र पुरेल, की शस्त्रक्रिया करून कॉक्लियर इम्प्लांट बसवावे लागेल, हे ठरवण्याची प्रक्रिया. बोलण्यात पहिल्याला ‘कानाचे मशीन’ आणि दुसऱ्याला ‘कानाचे ऑपरेशन’ म्हणतात. त्यामुळे लहान मशीन चालेना की मोठे मशीन बसवायचे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानाच्या नेहमीच्याच वाटेने आत पाठवते. पुढचे काम आतल्या कानातील उरलेल्या केशपेशींनी (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशींनी) करायचे असते. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून, कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला थेट विद्युत्संकेत देते. म्हणून डेसिबलचा (आवाजाच्या मापाचा) आकडा हा निर्णयाचा एक भाग झाला. खरा कस लागतो तो नीट बसवलेल्या यंत्राने, ओठ न पाहता, शब्द किती कळतात यावर.

आलेख काय सांगतो, काय सांगत नाही

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवरील ऐकण्याच्या उंबरठ्यांची (जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजांची) सरासरी काढतात. ७१ ते ९० डेसिबल म्हणजे तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र, ही दवाखान्यांत रुळलेली वर्गवारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत तीव्र दोष ६५ पासूनच मोजतात. दोन रिपोर्टांवर दोन वेगळे शब्द दिसले तर शब्द सोडून आकडा पाहावा. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर व्यक्ती बहिरी ठरते आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकणारी. हा निकष प्रमाणपत्रासाठी आहे. त्यावरून उपचार ठरवू नयेत.

आलेखात हाडातून ऐकण्याची रेघ हवेतून ऐकण्याच्या रेघेपेक्षा बरीच चांगली असेल, तर दोष किमान अंशतः बाहेरच्या किंवा मधल्या कानाचा असतो: फाटलेला पडदा, साठलेले पाणी, ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातले हाड जखडणे). तिथे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने त्यावर उपचार करायचे. आणि एका-दोन दिवसांत अचानक कान गेला असेल, तर मशीनची चौकशी बाजूला ठेवून त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत. दोन आठवड्यांनंतर आशा झपाट्याने कमी होते.

तीव्र दोषातली नेहमीची तक्रार असते, ‘आवाज येतो, पण कळत नाही.’ ती ‘तू’ आणि ‘ती’ या दोन शब्दांवरून समजते. व्यंजन एकच, फरक फक्त ऊ आणि ई या स्वरांचा. दोन्ही स्वरांचा पहिला ठळक पट्टा ३०० हर्ट्झच्या आसपास, जवळजवळ एकाच जागी असतो. वेगळेपण येते ते दुसऱ्या पट्ट्याने: ऊ चा १००० च्या खाली, ई चा २००० च्या वर. २००० च्या वरचे ज्याला पोचत नाही, त्याला ‘तू येणार का?’ आणि ‘ती येणार का?’ हे प्रश्न सारखेच ऐकू येतात. तो चुकीचे उत्तर देतो आणि घरचे म्हणतात, ‘लक्षच नसतं.’ ‘स’ चा जोर तर ४००० च्याही वर असतो. या उंच पट्ट्यातल्या केशपेशी पूर्ण मेल्या असतील, तर यंत्राने तिथे कितीही आवाज वाढवला तरी शब्द सुटा होत नाही, नुसती खरखर वाढते. इथे श्रवणयंत्राची मर्यादा येते.

यंत्राची चाचणी खरी कशी करावी

इम्प्लांटपर्यंत पोचलेल्या अनेकांची श्रवणयंत्राची चाचणी झालेलीच नसते. दुकानात दहा मिनिटे मशीन लावून ‘ऐकू येतं का?’ एवढेच विचारलेले असते. त्यावरून यंत्र निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे आहे, आणि त्यावरून ते पुरेसे आहे असे मानणे त्याहून घातक.

तीव्र दोषाला कानामागचे शक्तिशाली डिजिटल यंत्र आणि कानाचे माप घेऊन बनवलेला मोल्ड लागतो. तयार रबरी टोपी चालत नाही. मोल्ड सैल असला की आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी थांबवण्यासाठी दुकानदार आवाज कमी करतो, आणि नेमका जो आवाज हवा होता तोच जातो. उपाय नवा मोल्ड हाच. तान्ह्या मुलाचा कान इतका भराभर वाढतो की पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी मोल्ड बदलावा लागतो. यंत्राची जुळणी केवळ कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुचवलेल्या आकड्यांवर सोडू नये. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजायला सांगावे.

नंतर मोठ्यांनी एक ते तीन महिने आणि मुलांनी तीन ते सहा महिने यंत्र रोज जागेपणीचा सगळा वेळ वापरायचे. किती तास वापरले याची नोंद डिजिटल यंत्रातच साठते. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) ती पाहून घ्यावी. ‘रोज लावतो’ म्हणणाऱ्याची सरासरी दोन तास निघाली, तर चाचणी झालीच नाही असे समजावे. मग यंत्र लावून, एक मीटरवरच्या स्पीकरमधून साधारण ६५ डेसिबलवर शब्दांची आणि वाक्यांची यादी ऐकवतात. आधी शांततेत, मग गोंगाटात. बोलणाऱ्याचा चेहरा दिसता कामा नये. घरी हेच करायचे तर भरतकामाच्या रिंगवर पातळ काळे कापड ताणून ती तोंडासमोर धरावी. हात धरला तर ‘स’, ‘श’ दबतात आणि निकाल खोटा येतो.

अमेरिकेत एक ढोबळ नियम रूढ आहे: चांगल्या कानाची सरासरी ६० डेसिबल किंवा अधिक आणि यंत्राविना शब्द ओळखण्याचे प्रमाण ६० टक्के किंवा कमी असेल, तर इम्प्लांटच्या मूल्यमापनाला पाठवावे. ब्रिटनमध्ये २०१९ पासून दोन्ही कानांत, दोन किंवा अधिक वारंवारतांवर ८० डेसिबल किंवा त्याहून अधिक दोष आणि यंत्राने पुरेसा लाभ नसणे, हा निकष आहे. मूल्यमापनाला जाणे म्हणजे ऑपरेशन ठरवणे नव्हे. उलट यंत्रावर ८०-८५ टक्के शब्द कळणाऱ्याने, फोनवर बोलू शकणाऱ्याने, कुणी भरीला घातले तरी इम्प्लांटची घाई करू नये.

इम्प्लांट : भाग आणि शस्त्रक्रिया

अनेक इलेक्ट्रोडांच्या इम्प्लांटचा पाया ऑस्ट्रेलियातील डॉक्टर ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला घातला. बाहेर माइक, स्पीच प्रोसेसर आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल असते. आत, कातडीखाली, रिसीव्हर आणि कॉक्लियात (आतल्या कानातील शंखासारख्या भागात) सरकवलेली इलेक्ट्रोडची तार. कंपनीनुसार इलेक्ट्रोड १२, १६ किंवा २२ असतात. निरोगी कानातल्या सुमारे ३,५०० आतल्या केशपेशींचे काम एवढ्याशा टोकांवर येते, म्हणून आवाज वेगळा वाटतो आणि मेंदूला तो शिकावा लागतो.

आधी सीटी आणि एमआरआय करतात: कॉक्लियाची घडण कशी आहे, नस आहे का, हे पाहण्यासाठी. नसच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही. न्युमोकोकसची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी, कारण इम्प्लांटधारकांना मेंदुज्वराचा धोका थोडा अधिक असतो. शस्त्रक्रिया दोन ते तीन तासांची. चेहऱ्याच्या आणि चवीच्या नसांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून वाट काढतात. म्हणून काहींना काही आठवडे जिभेची चव बदललेली वाटते आणि क्वचित चेहरा वाकडा होतो. काहींना चक्करही येते. त्या कानात उरलेले ऐकणे जाऊ शकते. यासाठीच आधीची यंत्राची चाचणी प्रामाणिक असावी लागते.

जखम भरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ‘स्विच ऑन’, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा सुरू करणे. ऑडिओलॉजिस्ट एकेका इलेक्ट्रोडवर बीप देत जातो: किती करंटला आवाज जाणवू लागतो आणि किती करंटला तो मोठा पण सोसवणारा असतो. खेळण्यात रमलेले मूल मध्येच थबकते, आईकडे पाहते, कधी रडतेही. त्या थबकण्यावरूनच पहिला आकडा मिळतो. याला मॅपिंग म्हणतात आणि सुरुवातीचे काही महिने ते वारंवार बदलावे लागते. मोठ्यांना पहिल्या दिवशी माणसाचा आवाज यंत्रमानवासारखा किंवा नुसता टिकटिक वाटतो. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत फरक कळतो आणि पहिले वर्षभर सुधारणा चालू राहते.

वय आणि वेळ

जन्मतः बहिऱ्या मुलात वेळ हाच सर्वांत मोठा घटक. तपासणी एका महिन्यात, निदान तीन महिन्यांत, यंत्र सहा महिन्यांत, हे जगभर मानलेले वेळापत्रक आहे. नवजात कक्षात राहिलेल्या, जबर कावीळ झालेल्या बाळाची केवळ ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी) तपासणी पुरत नाही, बेरा (नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) लागते. नसेचा दोष ओएईतून निसटतो. अमेरिकेत २०२० मध्ये अतितीव्र दोषासाठी नऊ महिन्यांपासून इम्प्लांटला मान्यता मिळाली. साडेतीन वर्षांपर्यंत मेंदूचा ऐकण्याचा भाग सहज जुळवून घेतो. सातनंतर, आधी कधीच काही ऐकले नसेल तर, बोलणे येण्याची शक्यता फार कमी होते. ‘बोलेल हळूहळू, याचे बाबाही उशिरा बोलले’ या सल्ल्यात गेलेले वर्ष परत येत नाही. मेंदुज्वरानंतर आलेला बहिरेपणा हा अपवाद: कॉक्लियात काही आठवड्यांत हाड धरू लागते, तेव्हा यंत्राच्या चाचणीत महिने घालवायचे नसतात.

मोठेपणी ऐकणे गेलेल्यांना सत्तरीतही चांगला लाभ होतो. किती वर्षे कान यंत्राविना राहिला, हे वयापेक्षा महत्त्वाचे. एका कानात इम्प्लांट झाल्यावर दुसऱ्या कानात ऐकणे उरले असेल, तर तिथले श्रवणयंत्र काढून ठेवू नये. सुरांची जाण आणि भरीवपणा त्यातून मिळतो. खुणांची भाषा बोलणाऱ्या, जन्मापासून बहिऱ्या प्रौढाला मात्र इम्प्लांटमधून शब्द कळण्याची आशा दाखवणे योग्य नाही.

ठाणे-नवी मुंबईत

या भागात निर्णयावर प्रवासाचे सावट असते. अलीयावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था (स्थापना १९८३) वांद्रे रेक्लमेशनला आहे आणि केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधने देणाऱ्या) योजनेतील मुलांच्या मोफत इम्प्लांटचे काम तिच्यामार्फत चालते. ठाण्याहून दादरला, नवी मुंबईहून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून तिथे जाता येते. एकदा जाणे जमते. वर्ष-दोन वर्षे दर आठवड्याला मूल कडेवर घेऊन शहापूर-मुरबाडहून ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीला जाणे जमत नाही, आणि थेरपी सुटली की लाखोंचे यंत्र नुसते आवाज ऐकवते. म्हणून मॉडेलच्या आधी घराजवळचा थेरपिस्ट शोधावा. घरी कोणती भाषा बोलावी, हाही इथला नेहमीचा प्रश्न, कारण शाळा इंग्रजी माध्यमाची असते. आई-आजी ज्या भाषेत न अडखळता दिवसभर बोलतात तीच बोलावी. ती आगरी-कोळी असली तरी उत्तम. रोज सकाळी मुलाच्या पाठीमागून म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज काढून त्याला ते कळतात का पाहावे. एखादा अचानक चुकू लागला तर मॅप किंवा माइक बिघडला आहे.

खर्च शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. शक्तिशाली श्रवणयंत्रांची जोडी काही दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. एका इम्प्लांटला शस्त्रक्रियेसह साधारण ६ लाखांच्या पुढे लागतात. आतल्या भागाची वॉरंटी बहुधा १० वर्षांची, बाहेरच्या प्रोसेसरची ३ ते ५. पुढे कॉइल, केबल आणि कधीतरी पूर्ण प्रोसेसर पदरचा घ्यावा लागतो. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीच्या यादीत २ ते ६ वर्षांच्या मुलांचे इम्प्लांट आहे. अंगणवाडी-शाळेतील राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही मुलाला पुढे पाठवता येते.

पावसाळ्यात दोन्ही यंत्रे बिघडतात. मोल्डच्या नळीत दमटपणाने थेंब जमतो आणि आवाज तुटक येतो. रबरी पंपाने तो फुंकून काढावा. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, खड्यांचा रंग बदलला की ते बदलावेत. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर (हवेवर चालणाऱ्या) सेलचा स्टिकर काढल्यावर तो मिनिटभर उघडा ठेवून मगच बसवावा. कान वाहत असेल तर घट्ट मोल्ड घालून तो कोंडू नये. लोकलच्या गर्दीत आणि हेल्मेट घालता-काढताना कॉइल निसटते, म्हणून दोरीची क्लिप कॉलरला अडकवावी. चुंबकाखालची कातडी लाल झाली तर तो जास्त ताकदीचा आहे. कमी क्रमांकाचा मागून घ्यावा. एमआरआय सांगितला गेला तर आधी इम्प्लांटचे कार्ड दाखवावे, कारण कोणत्या मॉडेलला किती टेस्लापर्यंत (एमआरआयच्या चुंबकाच्या किती ताकदीपर्यंत) चालते ते त्यावरच्या मॉडेल क्रमांकावरून ठरते.