बहुकार्ड रेंडरिंग संगणक

त्रिमितीय दृश्यांच्या रेंडरिंगसाठी, म्हणजे संगणकावर रचलेल्या दृश्यापासून तयार चित्र काढण्यासाठी, एकाच मदरबोर्डवर दोन किंवा अधिक ग्राफिक्स कार्डे बसवून जोडलेल्या संगणकाला बहुकार्ड रेंडरिंग संगणक म्हणतात. दृश्यातील प्रत्येक बिंदूसाठी प्रकाशकिरणांचा माग काढण्याचे गणित हजारो स्वतंत्र तुकड्यांत वाटता येते, म्हणून ते प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर कितीतरी वेगाने उरकते. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने २००७ मध्ये कार्डाकडून इतर गणितेही करून घेणारी कुडा प्रणाली उपलब्ध केल्यानंतर हा मार्ग रुळला आणि पुढे ऑक्टेन, रेडशिफ्ट, व्ही-रे, ब्लेंडरमधील सायकल्स अशा रेंडरर्सनी, म्हणजे रेंडरिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरनी, तो आपलासा केला. सांगली-मिरजेत बंगल्याचा किंवा गृहप्रकल्पाचा वॉकथ्रू, म्हणजे आतून फिरून पाहिल्यासारखी चित्रफीत, करून देणाऱ्याला असा संगणक उपयोगी पडतो. मात्र तो जोडताना खरी अडचण कार्डांच्या किमतीपाठोपाठ वीज, उष्णता आणि जागा यांची येते.

कार्डे वाढली की वेग जवळजवळ त्या प्रमाणात वाढतो, पण स्मृती वाढत नाही. प्रत्येक कार्डाला संपूर्ण दृश्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी लागते. त्यामुळे २४ जीबीची दोन कार्डे मिळून ४८ जीबीचे दृश्य पेलत नाहीत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०९० या कार्डांच्या जोडीला एनव्हीलिंक या थेट जोडणीने जोडून काही रेंडरर्समध्ये स्मृती सामायिक करता येत असे. २०२२ मध्ये आलेल्या ४०९० मध्ये ती सोय काढून टाकली गेली. म्हणून झाडे, गवत आणि मोठ्या टेक्श्चरनी (पृष्ठभागावर चढवायच्या चित्रांनी) भरलेले काम असेल, तर कमी स्मृतीच्या चार कार्डांपेक्षा जास्त स्मृतीची दोन कार्डे घेणे शहाणपणाचे ठरते. रेंडर सुरू होण्यापूर्वी दृश्य जुळवण्याचे काम प्रोसेसर करतो आणि तो वेळ कार्डे वाढवून कमी होत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक कार्डाला वेगळी फ्रेम दिल्यास हा खोळंबा बराच भरून निघतो, मात्र त्यासाठी रॅम भरपूर लागते.

कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते, त्याला सोळाच्या सोळा लेन (माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा) मिळाल्याच पाहिजेत असे नाही. दृश्य एकदा कार्डावर चढले की पुढची देवाणघेवाण थोडी असते आणि आठ लेनवरही रेंडरचा वेग फारसा घटत नाही. दोन कार्डांपर्यंत साधा डेस्कटॉप बोर्ड निभावून नेतो. तीन-चार कार्डांसाठी थ्रेडरिपरसारखा जास्त लेनचा प्रोसेसर लागतो. खेळांसाठी बनवलेली आजची मोठी कार्डे तीन-साडेतीन स्लॉटची जागा खातात, म्हणून ती शेजारी शेजारी बसतच नाहीत. मग मागच्या बाजूने हवा फेकणारी दोन स्लॉटची ब्लोअर कार्डे, कार्ड बोर्डापासून दूर बसवू देणारी रायझर वायर वापरून केलेली उघडी चौकट किंवा पाण्याने थंड करण्याची व्यवस्था, यांतून निवड करावी लागते. सांगलीच्या धुळीत आणि ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळल्याने उडणाऱ्या काजळीत उघडी चौकट लवकर माखते. जाळी लावलेली बंद पेटीच इथे बरी.

विजेचा हिशोब आधी करावा. ४०९० चे एक कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेते. अशी चार कार्डे आणि उरलेला संगणक मिळून सुमारे २२०० वॅट होतात आणि पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर भिंतीतून २४०० वॅटहून अधिक, म्हणजे २३० व्होल्टला साडेदहा अँपिअर ओढले जातात. घरातल्या ६ अँपिअरच्या साध्या प्लगला हे झेपणारे नाही. एसीसाठी काढतात तसा स्वतंत्र एमसीबीचा १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगले अर्थिंग इथे आवश्यक आहे. १६०० वॅटच्या एका पॉवर सप्लायवर भागवायचे असेल, तर प्रत्येक कार्डाची मर्यादा ३०० वॅटच्या आसपास खाली आणता येते. वेग कमी होतो, पण वीज जेवढी वाचते त्या मानाने ही घट बरीच कमी असते. घरगुती इन्व्हर्टर या कामाचा नाही. पूर्ण भारासाठी ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस धरावा लागतो.

ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. दोन किलोवॅटचा संगणक म्हणजे बंद खोलीत दोन हीटर लावल्यासारखेच आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, रात्रभराच्या रेंडरमध्ये कार्डे आपणहून वेग कमी करतात. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातले दोन-अडीच किलोवॅट संगणकच खातो. दहा तासांच्या रेंडरला एसी सोडून वीस ते चोवीस युनिट लागतात. कामाचा दर ठरवताना हा खर्च अनेकदा विसरला जातो.

सांगलीत जागेचा आणखी एक मुद्दा आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. चार कार्डांची पेटी ऐनवेळी उचलून नेणे सोपे नसते, म्हणून नदीकाठच्या भागात ती वरच्या मजल्यावर बसवतात आणि प्रकल्पांच्या डिस्क सहज काढता येतील अशा कप्प्यांत ठेवतात.