डबा कोणाच्या ताब्यात? लिनक्स, ब्रॉडबँड आणि ब्रिज मोड

डायलअपच्या (फोन लावून नेटला जोडायच्या) काळावर फार शब्द खर्च करायला नकोत. स्वस्तातली अंतर्गत कार्डं म्हणजे ‘विनमोडेम’. मोडेमचं बरंचसं काम ती विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेत, त्यामुळे लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या मुक्त सिस्टिमवर, बहुतेक मुकीच राहत. सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम महाग पडे, पण चाले.

खरी गोष्ट २००५पासूनची. आदल्या वर्षीच्या धोरणाने २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ ठरवलं आणि सरकारी कंपनीने टेलिफोनच्या तारेवरून एडीएसएल (त्याच तारेवरचं ब्रॉडबँड) घरोघर न्यायला घेतलं. सोबत मिळणाऱ्या मोडेमच्या डब्याला अनेकदा यूएसबी आणि इथरनेट अशी दोन्ही तोंडं असत. यूएसबीला ड्रायव्हरची सीडी लागे, इथरनेटला काहीच नाही. जोडणीला आलेला माणूस मात्र विंडोज दिसलं नाही की ‘यावर नेट चालत नाही’ म्हणून मोकळा होई. गंमत अशी की त्यातल्या कित्येक डब्यांच्या पोटात लिनक्सच होतं.

काही प्लॅनवर रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत असे. २५६च्या वेगाने त्या ६ तासांत उतरणार जेमतेम ६७५ एमबी, आणि लिनक्सच्या सीडीची आयएसओ (अख्खी सीडी एका फाइलीत) ७०० एमबीची! उरलेला तुकडा दुसऱ्या रात्री, डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या कमांडला ‘-सी’ (अर्धवट राहिलं तिथून पुढे) लावून.

घोळ झाला तो ब्रिज मोडचा. डब्याला सगळे ‘मोडेम’ म्हणत, पण तो राउटरही होता. ब्रिजवर ठेवला तर तो तारेवरचं इथरनेटवर आणून देणार, बस. कंपनीकडे लॉगिन संगणकाने करायचं. विंडोजवर त्यासाठी डायलरचा आयकॉन, डेबियन या लिनक्सवर पीपीपीओईकॉन्फ ही कमांड. राउटर करायचा तर ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ उघडून व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ (कंपनीच्या जोडणीचे ठरलेले आकडे) भरायचं आणि पीपीपीओई, म्हणजे लॉगिनची पद्धत, निवडायचं. मग लॉगिन डबाच करी आणि आत कुठलीही सिस्टिम चाले. बहुतेकांनी हेच पत्करलं. सोय होती, नाकारत नाही. पण ब्रिजवाले हट्टी म्हणून हिणवले गेले, ते काही बरोबर नव्हतं. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटातले ८ बाइट खातं, एमटीयू (पॅकेटाचा कमाल आकार) १४९२वर येतो आणि त्याहून मोठी पॅकेटं वाटेत अडकू शकतात. मग एखादी साइट उघडते, दुसरी अर्ध्यात लटकते. लिनक्सवर आयपीटेबल्सची (फायरवॉलची) पॅकेटं लहान ठेवणारी एक ओळ टाकली की प्रश्न मिटे. डब्यात ती सोय निर्मात्याने दिली असली तर असली.

शिवाय लॉगिन स्वतःच्या राउटरने करायचं तर डबा ब्रिजवरच हवा. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिनक्स असल्याचं २००३मध्ये उघड झालं, सोर्स कोड खुला करायला लावणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे तो बाहेर आला आणि २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. पण या राउटरला एडीएसएलचं तोंडच नव्हतं.

फायबर आलं आणि पारडं फिरलं. ओएनटी (फायबरचा घरातला डबा) सिरियल नंबरवर कंपनीच्या बाजूला नोंदलेली असते. बाजारातून दुसरी आणून लावली तर सहसा चालत नाही. अनेक ठिकाणी ॲडमिनचा पासवर्डही ग्राहकाला देत नाहीत. पूर्वी न मागता मिळणारा ब्रिज आता विनवण्या करून मिळतो. ओपनडब्ल्यूआरटीसाठी राउटर घेताना १६ एमबी फ्लॅश नि १२८ एमबी रॅम बघणारे लोक ब्रिज मिळेल का हे आधी विचारायचं विसरतात. आणि ब्रिज मिळाला तरी वॅनचा (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७मधला निघाला, तर तो सीजीनॅटचा, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला; बाहेरून थेट घरापर्यंत येता येत नाही. घरच्या सर्व्हरवर बाहेरून एसएसएच (दूरून लॉगिन) करायचं, तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) तरी हवं.