भीतीवर आवाजाचा उतारा

रागाने यकृत बिघडतं, दुःखाने फुप्फुसं, भीतीने मूत्रपिंडं, असा एक रंगीत तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. खाली बहुतेक वेळा ‘यकृतशुद्धी’चा काढा विकायला ठेवलेला असतो. तक्त्यातल्या जोड्या खऱ्याच चिनी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथात त्या सापडतात. पण तिथलं ‘गान’ (यकृतासाठीचा चिनी शब्द) म्हणजे केवळ बरगड्यांखालचा अवयव नव्हे. राग, डोळे, स्नायुबंध, वसंत ऋतू, चिनी पंचतत्त्वांतलं काष्ठतत्त्व या सगळ्यांची ती एक मोट आहे. तिला सरळ लिव्हर ठरवून काढे विकणं ही लोकांची फसवणूक आहे.

याच ग्रंथात म्हटलंय की रागाने ‘छी’, म्हणजे देहात खेळणारी प्राणशक्ती, वर चढते, भीतीने खाली उतरते, दचकल्याने विस्कटते आणि अतिविचाराने तिची गाठ बसते. अशी शक्ती कुठल्या उपकरणाने मोजता आलेली नाही. पण आपलाही राग डोक्यात जातो, भीतीने पाय गळतात, काळजीने पोटात गोळा येतो. शरीराला आतून काय जाणवतं, ते या वैद्यांनी फार बारकाईने टिपलं होतं.

त्यातूनच उपचार निघाले. बाराव्या-तेराव्या शतकातल्या झांग त्सोंगझेंग या वैद्याने लिहून ठेवलेली एक हकिगत आहे. एक बाई प्रवासात धर्मशाळेच्या माडीवर उतरली होती. रात्री दरोडा पडला, आग लागली, ती पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून जरा खुट्ट झालं की तिची शुद्ध हरपे. घरचे पाय न वाजवता चालत. वर्ष उलटलं, औषधं झाली, गुण नाही.

झांगने तिला उंच खुर्चीवर बसवलं, दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले आणि समोरच्या बुटक्या मेजाकडे बघायला सांगून त्यावर लाकडाचा जोरदार फटका मारला. ती प्रचंड दचकली. झांग म्हणाला, ‘मी मेजावर लाकूड मारतोय, यात घाबरायचं काय?’ ती सावरल्यावर पुन्हा फटका. या वेळी दचकणं कमी. मग आणखी तीन ते पाच फटके, मग दारावर काठी, मग पाठीमागच्या खिडकीवर कुणाला तरी गुपचूप ओरखडायला लावलं. शेवटी ती हसली आणि विचारू लागली, हा कसला उपचार?

झांगचं उत्तर असं, की जे रोजचं होतं त्याने माणूस दचकत नाही. शिवाय दचकल्यावर चित्त वर उडतं, खाली बघायला लावलं की ते जागेवर येतं. यातलं दुसरं स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण पहिलं मानसशास्त्राने वेगळ्या वाटेने गाठलं. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती, ससा थोडा थोडा जवळ आणत घालवली. 1958 साली जोसेफ वोल्पे यांनी अशा उपचाराची पद्धतशीर मांडणी केली.

आत घडतं ते असं. अमिग्डाला हा मेंदूतला भाग ‘आवाज म्हणजे संकट’ अशी जोडी बांधतो. आवाज येऊनही संकट येत नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं की जुनी जोडी पुसली जात नाही, तिच्याशेजारी ‘आवाज, पण धोका नाही’ ही नवी शिकवण तयार होते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ही नवी शिकवण वापरून अमिग्डालाला आवरतो. मात्र नवी शिकवण जागेला आणि प्रसंगाला चिकटून राहते. दवाखान्यात नाहीशी झालेली भीती घरी परतते ती यामुळे. म्हणून आजचे उपचारक सराव वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी करून घेतात.

एका वैद्याने स्वतःच लिहिलेली एक हकिगत म्हणजे पुरावा नव्हे, आणि घरच्या घरी असे फटके कुणी मारू नयेत. तरी झांगने पुढे केलं ते पाहा. मेज, दार, खिडकी एवढ्यावर तो थांबला नाही. त्या रात्री संध्याकाळपासून उजाडेपर्यंत त्याने माणसं लावून तिच्या दारा-खिडक्यांवर थापा मारायला लावल्या. एक-दोन दिवसांनी ढग गडगडले तरी ती दचकली नाही.