आधी ड्युई, मग दूरदर्शन संच: मराठवाड्यातल्या शिक्षणशास्त्राची पार्श्वभूमी

शिक्षणाचे तत्त्वज्ञान आणि शैक्षणिक तंत्रविज्ञान अशा दोन्ही विषयांत हयात घालवलेल्या प्राध्यापकाला हमखास विचारतात, या दोहोंचा मेळ कसा बसतो? मराठवाड्यात तरी हे विचारायचे कारण नाही.

निजामी राजवटीत १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते ते याच काळात. शिकायचे कोणत्या भाषेत आणि कुणासाठी, हा इथे रोजच्या जगण्यातला प्रश्न होता.

१९५० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युईंचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांच्या लेखनात वारंवार येतो. बी.एड.ला ड्युई चार गुणांच्या टिपेपुरते उरतात. औरंगाबादेत मात्र ते संस्थापकाचे गुरू होते.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा अध्यापन यंत्रांवरचा गाजलेला लेख छापून आला. निव्वळ योगायोग, पण तिथून निघालेले क्रमान्वित अध्ययन, म्हणजे छोट्या छोट्या पायऱ्यांनी स्वतः शिकण्याची पद्धत, पुढे आपल्या अभ्यासक्रमांत आले. स्टॅनफर्डहून सूक्ष्म अध्यापनही, म्हणजे छोट्या पाठाचा सराव, आले. त्याचे इथले वेळापत्रक असे: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटांत नवे टाचण, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात वर्गातलेच छात्राध्यापक. त्यामुळे अवघड प्रश्न सहसा कुणी विचारत नाही!

खरे यंत्र मात्र शेजारी उतरले. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून दूरदर्शन संचांवर शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. त्यात गुलबर्गा, रायचूर होते, मेदक होते. १९५६ पर्यंत हे जिल्हे आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

२०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत राज्याने धडे मोबाइलवर आणले. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबात एकच फोन असेल, तर दिवाळीच्या सुमारास तो आईबापांसोबत कारखान्याच्या फडावर जातो आणि पोरगं आजीपाशी गावात राहतं. इथल्या अभ्यासकाला तंत्रविज्ञानावर प्रबंध लिहायचा झाला, तर पहिले प्रकरण या फोनपासूनच सुरू करावे लागते. ॲपचे नाव त्यानंतर.