कार्डावरचा पिवळा, भिंतीवरचा पिवळा

श्रावणात कानबाई देवी घरी यायच्या आधी खान्देशात घरं रंगवायला निघतात. गेल्या खेपेला धुळ्याला मावशीकडे रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड आलं आणि सगळं घर त्यावर वाकलं. दुकानदाराचं म्हणणं, पिवळा घ्या, घर प्रसन्न दिसेल. मावशीचं म्हणणं एवढंच, "घरमा पाय ठेवताच गार वाटाले पाहिजे." मुलांनी पिवळाच ठरवला. चार भिंती झाल्या आणि मावशी दारातच थबकली: "हाऊ तो रंग नही." पेंटरनं डबा पुढे केला. नंबर तोच होता.

दोघंही खरं बोलत होते. कार्डावरच्या चौकोनावरून प्रकाश एकदाच उडून डोळ्यात येतो. खोलीत मात्र तो एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर, तिथून पुन्हा भिंतीवर असा उड्या मारत राहतो आणि दर उडीला रंग आपला वाटा कापून घेतो. समजा, एखादा फिका पिवळा लाल-पिवळा प्रकाश 80 टक्के परतवतो आणि निळा 50 टक्के. दोन उड्यांनंतर पहिला 64 टक्के उरतो, दुसरा 25. म्हणजे कार्डावर जो फरक दीडपटीच्या जरासा वर होता, तो खोलीत अडीचपटीवर गेला. म्हणूनच कार्डावरचा साधाभोळा रंग चारी भिंतींवर चढला की भडक होतो. नखाएवढ्या तुकड्यावरून रंग निवडायचा असेल तर मनात असलेल्या रंगाहून कार्डावरचे एक-दोन चौकोन फिका घ्यावा.

हेच उड्यांचं गणित उजेडालाही लागू आहे. सगळ्या बाजूंनी सरासरी 80 टक्के प्रकाश परतवणारी खोली असेल, तर खिडकीतून आत आलेला उजेड उड्या मारून मारून जवळपास पाचपट काम करतो. तीच सरासरी 50 टक्क्यांवर आली की दुप्पटच. आपली जुनी धाब्याची घरं आठवा. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर काळपट लाकडं, उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून बेताच्या खिडक्या. तिथे चुना हाच दिवा होता. वर त्यात चिमूटभर नीळ. गंमत अशी, की निळीमुळे परतणारा उजेड किंचित कमीच होतो. पण चुन्यातली पिवळसर झाक मारली जाते आणि डोळ्याला भिंत आधीपेक्षा पांढरी वाटते. कुंचा हातात धरणाऱ्या बायांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आता मनाकडे येऊ. निळा शांत करतो, लाल भडकवतो, पिवळा हसवतो, असं रंगकंपन्यांची पत्रकं सांगतात. 1994 साली वाल्डेझ आणि मेहराबियन या संशोधकांनी रंगछटा दाखवून लोकांच्या भावना मोजल्या, तेव्हा रंगाच्या जातीपेक्षा त्याचा उजळपणा आणि भडकपणा यांचाच प्रभाव जास्त निघाला. फिका लाल आणि फिका निळा यांच्यात मनाला जेवढं अंतर वाटतं, त्याहून जास्त अंतर फिका निळा आणि गर्द निळा यांच्यात पडू शकतं. गुलाबी रंगाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. 1979 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या नौदल कोठडीत भिंती एका खास गुलाबी रंगानं रंगवल्या, कैदी शांत झाले असा गाजावाजा झाला आणि इतर तुरुंगांनीही तो रंग उचलला. पुढे स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात नीट तुलना करून पाहिली, तेव्हा गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीतल्या कैद्यांच्या आक्रमकपणात फरक सापडला नाही.

पिवळ्याबद्दल मात्र मावशीच्या बाजूनं एक पुरावा आहे. 2019 मध्ये 55 देशांतल्या लोकांना विचारलं गेलं, की पिवळा रंग तुम्हाला आनंदाशी जोडावासा वाटतो का. थंड, पावसाळी आणि विषुववृत्तापासून दूरच्या देशांत होकार जास्त आला. उन्हाच्या देशांत कमी. ज्याला वर्षातून मोजके दिवस ऊन मिळतं, त्याला ते भिंतीवर हवंसं वाटणारच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो. तिथे बाहेरून तापून आलेल्या माणसाला घरात आणखी ऊन कशाला? अर्थात प्रश्न रंगाच्या नावाबद्दल विचारला होता, रंगवलेल्या खोलीत बसवून नव्हे. तरी मला हा पुरावा पटतो. हळद मात्र वेगळी. ती लग्नात, पूजेत अंगाला लागते, भिंतभर पसरत नाही.

खोलीतल्या माणसांवरचाही एक मोठा अभ्यास आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत स्वीडन, ब्रिटन, अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया इथल्या कामाच्या जागी बसणारी 988 माणसं होती. उजेड फारच अंधूक वाटे तेव्हा मन सर्वांत खाली असे. तो नेमका वाटे तेव्हा सर्वांत वर आणि फार झगझगीत झाला की पुन्हा खाली.

मावशीनं शेवटी तीन भिंती आणि छत पांढऱ्याच्या जवळ आणून घेतलं. कानबाईच्या चौरंगामागची भिंत पिवळीच राहू दिली. पेंटरनं दोन दिवसांची जादा मजुरी मागितली. तिनं ती दिली, पण अर्धी मुलांकडून वसूल केली.